सोडत निघण्यापूर्वी



महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी आरक्षणाची सोडत निघाली की नवी मुंबईत एक परिचित दृश्य दिसते. ज्या प्रभागात एखाद्याने वर्षानुवर्षे बस्तान बसविलेले असते, तो ‘महिला’ म्हणून निघतो आणि चार दिवसांत त्याच्या पत्नीचे, वहिनीचे किंवा सुनेचे छायाचित्र चौकातल्या फलकावर झळकू लागते. तिची इच्छा कोणी विचारली होती काय, हा प्रश्न गौण ठरतो. अर्थात घरातून आलेली स्त्री म्हणजे बाहुलीच, असे मानणे हाही पुरुषी अहंकारच होय. वडिलांची गादी चालविणाऱ्या पुत्राला असा प्रश्न कोणी विचारीत नाही. अशा कित्येक स्त्रिया पुढे स्वतःच्या बुद्धीने कारभार करू लागल्या. दोष त्यांचा नाही. सोडतीच्या दिवसापर्यंत एकाही स्त्रीची आठवण न होणाऱ्या पक्षांचा आहे, आणि त्यातून समाजवादी कार्यकर्त्यांना स्वतःला वगळता येणार नाही.

महाराष्ट्राने 1990 साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. 1993 साली अंमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनी हे प्रमाण किमान एक तृतीयांश झाले आणि 2011 साली राज्याने ते निम्म्यावर नेले. नवी मुंबईच्या 111 जागांपैकी 56 त्यामुळे स्त्रियांकडे येतात. परंतु उरलेल्या 55 जागा पुरुषांच्या आहेत, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? राखीव जागेवरून निवडून आलेल्या, पाच वर्षे गटार, नळ आणि शाळेच्या प्रश्नांवर झिजलेल्या नगरसेविकेची जागा पुढच्या सोडतीत खुली झाली, की ‘बाई, तुमची पाळी संपली’ असे तिला सांगितले जाते. तिने मिळविलेला अनुभव त्याच दिवशी मातीमोल होतो.

आरक्षण नव्हते तेव्हा काय होत होते, हे या चळवळीला ठाऊक असावयास हवे. 1961 साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. 1968 साली प्रमिला दंडवते आल्या. गोरेगावच्या वस्त्यांनी मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते पाण्यासाठी केलेल्या झुंजीमुळे. काम आधी होते, उमेदवारी नंतर आली.

नवी मुंबईत या क्रमालाच खीळ बसली. 2015 साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्याच्याजवळ पैसा, कार्यालय आणि माणसे होती त्याने हा काळ सहज निभावला. पदाखेरीज दुसरे साधन नसलेली स्त्री मात्र विसरली गेली. शिवाय 2026 साली एकसदस्य प्रभाग जाऊन चार-चार जागांचे प्रभाग आले. आपली गल्ली आणि चाळ यांच्या बळावर उभी राहू पाहणाऱ्या दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या स्त्रीला चौपट मतदारांपर्यंत पोहोचावे लागते, तेही पॅनेलच्या पुढाऱ्याच्या खर्चाने आणि म्हणून त्याच्या मर्जीने.

यावर भाषणे पुरेशी नाहीत. कोपरखैरणे-घणसोलीतील माथाडी कुटुंबांत साताऱ्याकडून आलेल्या सुना पुष्कळ आहेत. मागासवर्गीय राखीव जागेसाठी त्यांना जातीचे दाखले माहेरच्या नात्याने मिळवावे लागतात आणि त्यांवर सासरचे नाव नसते. हे काम अर्ज भरण्याच्या आठवड्यात होत नाही. दोन अपत्यांच्या अटीचेही तसेच. ती आधीच समजावून सांगितली पाहिजे. पक्षाची बैठक रात्री नऊला भरते, म्हणजे नेमकी घरची भांडी घासण्याच्या वेळी. ती रविवारी दुपारी घ्यावी, आणि मुले सांभाळण्याचे काम पुरुष कार्यकर्त्यांनी करावे. कोणी हसले तरी करावे. महापालिकेचे अंदाजपत्रक तिच्यासमवेत बसून वाचावे. निवडणूक खर्चाचे खाते तिच्या नावे असते. त्याचे पासबुकही तिच्याच हाती असावे.

पुढची निवडणूक मुदतीत झाली तर ती 2031 साली होईल. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत प्रत्येक वस्तीतील कामाच्या स्त्रियांची नावे पक्षाच्या वहीत आजच लिहावीत. आणि त्यांतली निम्मी तरी खुल्या जागांसाठी लिहावीत.