दगड आपोआप उडत नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



काही वर्षांपूर्वी एका वस्तीतून मला बोलावणं आलं. एका घराच्या पत्र्यांवर रोज तिन्हीसांजेला दगड पडत होते. गाव म्हणे, भानामती आहे. बोट दाखवलं जात होतं शेजारच्या एकट्या विधवेकडे. तिला हापशावर पाणीही भरू देत नव्हते.

मी समाजकार्य शिकलेली. पण त्या दिवशी उपयोगी पडलं ते शाळेतलं विज्ञान. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला नियम साधा आहे : बाहेरून बल लागल्याशिवाय पडून असलेली वस्तू हलत नाही. हातातून सुटलेल्या दगडाला पृथ्वी खाली ओढते आणि हवा अडवते. मंत्राचं बल त्यात कुठेच नसतं. दगड कमान करत येतो, म्हणून तो कोणत्या बाजूने आला तेही कळतं. सरळ वर पाच मीटर उडवलेला दगड दोन सेकंदांत खाली येतो. म्हणजे फेकणारा हात जवळच असणार.

आम्ही दोन संध्याकाळी नुसतं पाहत बसलो. दगड परसाकडून येत होते. सगळं घर ओसरीवर आमच्यापुढे बसलं, की थांबत. सून सरपण आणायला परसात गेली, की पडत.

मी तिला एकटीला गाठलं. ती रडली नाही. म्हणाली, "ताई, दगड पडायला लागल्यापासून मला कुणी मारलं नाही."

आम्ही तिचं नाव चावडीवर घेतलं नाही. हे माणसाचं काम आहे, त्या विधवेचा काही संबंध नाही, एवढंच गावाला सांगितलं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती दिली : अमकी करणी करते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. हापसा मोकळा झाला. सुनेच्या मारहाणीचं काम मात्र तिथून पुढे सुरू झालं, आणि ते जास्त अवघड होतं.

म्हणून सांगते, हात सापडला की टाळ्या वाजवून परत येऊ नका. एका बाईची सुटका करताना दुसरीला गावाच्या तोंडी देऊ नका. त्या हाताला दगड का उचलावा लागला, ते विचारा. आपलं काम तिथे आहे.