दहा हजार लिटरमागे एक किलो

विहिरीच्या पायरीवर पाय घसरला की आपण शेवाळाला शिव्या घालतो. त्याच्याच गोतातलं, पण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारं शेवाळ सांडपाण्यात वाढवून इंधन काढायचं, अशी एक कल्पना आहे. ती ऐकली की बोईसरचा माणूस म्हणतो, "मग आमच्याकडेच करा की, सांडपाण्याला काय तोटा!"

तोटा नाहीच. बोईसरला लागूनच असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीचं पाणी नवापूरला समुद्रात जातं, आणि त्यानं होणाऱ्या प्रदूषणापायी मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. पण हे पाणी रंगांच्या, औषधांच्या, रसायनांच्या कारखान्यांचं. शेवाळाला हवं ऊन, नत्र आणि स्फुरद. गडद रंगाच्या पाण्यात ऊन खाली उतरतच नाही. जड धातू असले तर शेवाळ मरतं, नाहीतर ते अंगात साठवून ठेवतं. मग त्याचं खतही करता येत नाही.

त्यापेक्षा बोईसरच्या चाळींमागचं गटार बरं! त्यात नत्र-स्फुरद भरपूर. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950च्या दशकातच अशा पाण्यात शेवाळ वाढवायची उथळ तळी अभ्यासली होती. पाणी फिरत्या चाकानं हलतं ठेवायचं. शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू घाण कुजवतात, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ खातं.

आता शेवाळातल्या तेलाचा, म्हणजे डिझेलच्या कच्च्या मालाचा हिशेब. उघड्या तळ्यात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ धरा. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरभर पाण्यातून पाच किलो. त्याचा पाचवा हिस्सा तेल निघालं, तर एक किलो. तेवढ्यासाठी टँकरभर पाणी गाळायचं! शिवाय शेवाळाचा स्वभाव उफराटा: भरल्या ताटावर ते भराभर वाढतं, पण चरबी धरत नाही, नत्र तोडून उपाशी ठेवलं की तेल साठवतं. गटार म्हणजे तर भरलेलं ताट. अमेरिकी सरकारनं 1978 ते 1996 शेवाळाच्या इंधनावर संशोधन केलं आणि थांबवलं. एक्सॉन या तेल कंपनीनं 2009 साली मोठ्या जाहिरातीनं सुरुवात केली, 2023मध्ये हात झटकले.

म्हणून मी म्हणेन, डिझेलचा नाद सोडा. ओलं शेवाळ बायोगॅसच्या टाकीत घाला. पाणी निवळलं, हीच खरी कमाई. फक्त जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं, तळी पावसानं पातळ झालेली. ते चार महिने बोईसरचं गटार कुठे वळवायचं, हे आराखड्यात आधी लिहा.