लांडग्यांच्या ओळखीची मुलगी

नाचाचे पोशाख घालून केव्हाच्या ताटकळलेल्या मुलांनो,

माझ्यामुळे तुमचा कार्यक्रम अडलाय, याची मला कल्पना आहे. वनखात्यात नोकरी झाली म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी मला पर्यावरणावर बोलायला सांगितलं होतं. पर्यावरणावर तुम्ही निबंध लिहितच असता. म्हणून बाईंना विचारून मी विषय बदलला. आज एका कादंबरीबद्दल बोलतो.

‘ज्युली ऑफ द वुल्व्ज’ हे तिचं नाव. लेखिका जीन क्रेगहेड जॉर्ज, अमेरिकेतल्या. पुस्तक १९७२ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. मुलांच्या पुस्तकांसाठी तिकडे हा फार मोठा मान समजतात.

गोष्ट आहे अलास्काच्या उत्तर टोकाची. भूगोलात टुंड्रा प्रदेश शिकलात ना? तोच. झाड नाही, रस्ता नाही, उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. मियाक्स नावाची एस्किमो मुलगी, शाळेतलं नाव ज्युली, वय वर्षं तेरा. म्हणजे तुमच्या सातवी-आठवीतली. या वयात तिचं लग्न लावून दिलंय. (मागे पालक बसलेत, म्हणून हे वाक्य जरा मोठ्याने म्हणतो.) त्या घरात त्रास होतो, तशी ती पाठीवर बोचकं टाकून निघते. सॅन फ्रान्सिस्कोला तिची एक पत्रमैत्रीण आहे. बंदर गाठायचं, बोट पकडायची आणि तिच्याकडे जायचं, असा बेत. पण त्या सपाट मुलखात ती वाट चुकते. जवळचं खाणं संपतं. आणि समोर आहे लांडग्यांचा कळप.

तिच्या वडिलांनी तिला एकदा सांगितलेलं असतं, की असाच भुकेला असताना मी लांडग्याला माझी अडचण सांगितली आणि त्याने शिकारीत वाटा दिला. सांगितली म्हणजे कशी, ते मात्र ते बोलले नव्हते. आणि आता विचारायला वडील नाहीत. शिकारीला गेले ते परतलेच नाहीत, असं तिला कळलेलं आहे.

मग ही मुलगी काय करते? मंत्र म्हणत नाही, गाणं म्हणत नाही, लांडग्याच्या पायातला काटाबिटा काढत नाही. एका उंचवट्यावर पोटावर पडून ती नुसती बघत राहते. आमारोक हा कळपाचा म्होरक्या. बाकीचे लांडगे त्याच्याजवळ येतात ते कान मागे पाडून, अंग चोरून, आणि खालून त्याच्या हनुवटीला तोंड लावतात. त्यांच्यातला हा नमस्कारच. कान कधी ताठ, शेपूट कधी खाली, कोण कोणाच्या नजरेला नजर देतं, हे सगळं ती टिपत जाते. मग एके दिवशी हातापायांवर रांगत जवळ जाते आणि आमारोकच्या हनुवटीखाली हात लावते. त्या क्षणापासून ती परकी राहत नाही.

खाण्याचा भाग तुम्हाला आवडणार नाही. मोठे लांडगे शिकार पोटात भरून आणतात आणि पिल्लांनी तोंडाशी तोंड घातलं की ओकून देतात. ते मांस ही मुलगी उचलते, शिजवते आणि खाते. ...झालं! पहिल्या रांगेने तोंडं वाकडी केली. अहो, दोन-तीन दिवस उपाशी राहून बघा, मग शी म्हणा.

लेखिकेने हे घरात बसून रचलेलं नाही. १९७० साली धाकट्या मुलाला, ल्यूकला, घेऊन त्या अलास्कातल्या बॅरो गावी गेल्या. तिथे शास्त्रज्ञ लांडग्यांचा अभ्यास करत होते. त्या अफाट टुंड्रात एक छोटी मुलगी एकटीच चालत जाताना त्यांनी पाहिली आणि तिच्यातून मियाक्स उभी राहिली. घराणंच रानवेडं. त्यांचे जुळे भाऊ फ्रँक आणि जॉन पुढे अस्वलांचे नामांकित अभ्यासक झाले. हे दोघे तरुणपणी आपल्या देशात येऊन गेलेत, भावनगरचे राजपुत्र धर्मकुमारसिंहजी यांच्याकडे. दोघांना ससाण्यांचं वेड, राजपुत्रालाही तेच, मग पत्रातून मैत्री झाली आणि १९४० साली ते पाहुणे म्हणून दाखल झाले.

पुस्तकात सगळंच बरोबर आहे असंही नाही. एस्किमो जीवनाच्या तपशिलातल्या चुका तिथल्याच काही वाचकांनी दाखवल्या आहेत. आणि म्होरक्याने दरारा बसवून कळप ताब्यात ठेवायचा, ही कल्पनाही आता जुनी झाली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पोरं. गेल्या वर्षीची भावंडं यंदाची पिल्लं सांभाळतात. आपलं कुटुंब असतं तसंच, फक्त आत्याबाई नाहीत.

हे पुस्तक मी इथे का आणलं? कारण शाळेच्या कंपाउंडाबाहेर जे माळरान सुरू होतं, तो लांडग्याचाच मुलूख आहे. आपला लांडगा अंगाने लहान, साधारण वीस किलोचा, रंग वाळलेल्या गवतासारखा. सोलापूर, पुणे, नगर या पट्ट्यात तो अजून टिकून आहे. कायद्याने तो वाघाच्याच पंगतीत, पहिल्या अनुसूचीत बसतो. पण वाघ बघायला लोक जिप्सीचे पैसे मोजतात आणि लांडग्याच्या बिळात धूर करतात.

नोकरीत असताना मेंढरू मारलं गेलं की पंचनाम्याला जावं लागायचं. एकदा एका धनगरबाबांच्या वाड्यावर गेलो. मेलेलं कोकरू समोर होतं आणि बाबा मला ठसे दाखवत होते. “ह्ये बघा सायेब, कुत्रं वाकडंतिकडं हिंडतंय, ह्यो सरळ रेघंत चालतोय. मागला पाय फुडल्याच्या ठशात.” मी नुकसानभरपाईचा अर्ज भरत होतो. त्यांना विचारलं, राग येत नाही का? म्हणाले, “येतोय की! पर रोज संध्याकाळी त्या टेकाडावर बसून आमच्याकडं बघतोय. आमी त्येच्याकडं बघतोय. वळखीचा हाय.” मग त्यांनी मला हेही सांगितलं, की मादी पोटुशी आहे, म्हणून आठवडाभर तो एकटाच येतोय. आमच्या कार्यालयाच्या नोंदवहीत यातलं काही नव्हतं.

ती मियाक्स आणि हे बाबा एकाच शाळेत शिकलेले. जनावराची ओळख व्हायची तर त्याच्या रीतीने आणि त्याच्या घरी. तुमच्यापैकी काही जण खारीची पिल्लं, पोपट घरी आणतात, रील करतात, लाइक मिळतात. मियाक्सला पिल्लं उचलणं सहज जमलं असतं. कापू नावाचं एक तर तिच्या अंगाखांद्यावर खेळतं. पण ती त्याच्या गळ्यात दोरी बांधत नाही. उलट लांडगे तिच्या मागोमाग माणसांच्या वस्तीकडे सरकू लागतात, तसा तिच्या पोटात गोळा येतो. तिची भीती खरीच ठरते. एक दिवस विमान येतं, वरून गोळ्या सुटतात आणि आमारोक पडतो. शिकारी त्याला उचलायलाही खाली उतरत नाहीत. अशी शिकार त्या काळी खरोखर चालायची. अमेरिकेने १९७१ साली तिच्याविरुद्ध कायदा केला, पण पळवाटा राहिल्याच. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२चा, या पुस्तकाच्याच वयाचा.

आता कामाचं बोलतो. पुस्तकाची एक प्रत मी ग्रंथालयाच्या बाईंकडे दिली आहे. इंग्रजी आहे, पण सोपं. नववी-दहावीला एकट्याने जमेल, सातवी-आठवीने दोघा-दोघांत मिळून वाचावं. मधल्या भागात सासरच्या घरातला एक वाईट प्रसंग आहे. त्यावरून अमेरिकेतल्या काही शाळांमध्ये पालकांनी पुस्तकाला हरकत घेतली होती. मला तो प्रसंग काढून टाकावासा वाटत नाही. वाचल्यावर काही विचारावंसं वाटलं तर बाईंना विचारा, त्यांच्याशी मी बोललो आहे. पुस्तकाचे तीन भाग आहेत आणि तिसऱ्याला नाव दिलंय तिच्या वडिलांचं. वडील तर गेले होते, मग हे कसं, ते मी सांगणार नाही.

माझ्याबरोबर माळावर ठसे बघायला यायचं असेल त्यांनी विज्ञानाच्या सरांकडे नावं द्या. पालकांची चिठ्ठी लागेल. पांढरे, भडक कपडे नकोत आणि घरचा कुत्रा बरोबर आणायचा नाही, कारण कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात. लांडगा दिसेलच अशी हमी देत नाही. ठसे नक्की दाखवतो.

चला, नाचाची मंडळी तयार व्हा.