भोंग्याची पोच

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



आरोग्य, बचत, बालसंगोपन यांवर आपल्या मंडळात पुष्कळदा बोलणे होते. आज मी धोक्याच्या भोंग्याविषयी बोलणार आहे. हा विषय यंत्रांचा, म्हणून पुरुषमंडळींचा, असे कित्येकींना वाटेल. परंतु पूर दाराशी येतो तेव्हा पाळण्यातले मूल, अंथरुणाला खिळलेली सासू आणि दावणीची जनावरे बहुधा आपल्याच पदरी असतात. त्यांना हलवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळवून देणे हेच भोंग्याचे काम.

आपला मुलूख कोरडा म्हणून ओळखला जातो. तरी इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा व दुसऱ्या अंगाला नीरा आहे. नरसिंहपूरला त्यांचा संगम होतो. बारामतीतून कऱ्हा वाहते. भीमेवर उजनी, नीरेवर वीर आणि कऱ्हेवर नाझरे ही धरणे आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरात मुसळधार पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सुटले आणि कऱ्हाकाठच्या हजारो लोकांना घरे सोडावी लागली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत फुटले आणि दुपारपर्यंत पुण्याच्या पेठांत पाणी भरले. मधल्या त्या घटकांचे मोल काय, हे पुणेकरांना विचारावे.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी धरणाच्या मालकावर टाकली आहे. पूर्वी भोंग्यापाशी माणूस जाऊन बटण दाबी. आता खांबावर एक पेटी असते. दूरच्या कचेरीतून बिनतारी लहरींनी किंवा मोबाईलच्या जाळ्यातून तिला हुकूम जातो. पण खरी खुबी पुढेच आहे. आपण लग्नाची पत्रिका पाठवली की पोच आल्याशिवाय जिवाला स्वस्थता नसते. तशी ही पेटी पोच देते : वीज आहे की गेली, बॅटरीत किती दम आहे, पेटीचे दार कोणी उघडले काय, आणि भोंग्याने खरोखर वीज ओढली की नाही. गाव न जागवता मुक्याने चाचणी घेण्याचीही सोय काही पेट्यांत असते. पावसाळ्याच्या तोंडावर बॅटरी मेलेली आहे हे पुराच्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी कळते.

तरीही यंत्रावर सारा भार टाकून चालत नाही. अमेरिकेतील डॅलस शहरात ७ एप्रिल २०१७ च्या रात्री कोणा खोडसाळाने बिनतारी संकेताची नक्कल करून १५६ भोंगे वाजवले. शहर उगाच जागे झाले. म्हणून हुकमाला कुलूप हवे, नाहीतर ‘लांडगा आला रे’ची गत व्हायची. उलट हवाई बेटांवरील लाहैना गावी ८ ऑगस्ट २०२३ रोजी वणवा पेटला. तेथे भोंगे होते, पण ते वाजवलेच गेले नाहीत. सुमारे शंभर माणसे दगावली. म्हणून हुकूम कोणी व केव्हा द्यायचा, हे आधी ठरलेले पाहिजे.

मोबाईलवर सूचना येतेच, मग भोंगा कशाला, असे कोणी म्हणेल. खुरपणीला गेलेल्या बाईचा मोबाईल बांधावरच्या पिशवीत असतो, आणि म्हातारीजवळ तो नसतोच. शिवाय वादळात मनोरेही बंद पडतात. भोंगा मुख्यतः उघड्यावरच्या माणसांसाठी आहे. मिक्सर आणि दूरदर्शन चालू असलेल्या बंद घरात तो पोहोचेलच असे नाही. दोन्ही साधने हवीत.

आता आपले काम. हुकूम पोहोचला आणि भोंगा वाजला, एवढे ती पेटी सांगेल. तो शेवटच्या आळीत ऐकू आला का, हे तिला कळत नाही. ती पोच आपणच द्यायची. नदीकाठच्या प्रत्येक आळीतून दोघी जणींनी नावे द्यावीत. चाचणीच्या दिवशी एकीने घरात व एकीने शेतात उभे राहून आवाज आला की नाही, ते वहीत लिहावे, आणि ती वही नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नेऊन द्यावी. नागरी संरक्षणाच्या रीतीत चढउताराचा सूर धोक्याचा आणि एकसुरी आवाज धोका टळल्याचा असतो. आपल्या गावात कोणता सूर ठरला आहे, ते विचारून घ्यावे आणि मुलांना पाढ्यांसारखे पाठ करवावे. भोंगे बसलेच नसतील, तर ते केव्हा बसणार, हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

वही आज येथेच ठेवली आहे. जाताना आपापले नाव आणि आळी लिहून जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.