टारफुला ओळखा, बोंडी धरायच्या आत उपटा
(शेळगाव, ता. इंदापूर येथील बैठकीतील भाषण)



ज्वारीनं मान टाकली की आपण म्हणतो, पाऊस कमी पडला. पण जमिनीत ओल असूनही ताटं सुकत असतील, तर बुडाशी बसून बघा. वीतभर उंचीचं, अरुंद खरखरीत पानांचं रोप आणि त्यावर इवलं पांढरं फूल दिसलं, की तो टारफुला समजा. माळावरचं साधं रानफूल वाटतं. पण त्याची मुळं ज्वारीच्या मुळांना चिकटलेली असतात. वर दिसण्याआधी महिनाभर तो खालून चोरी करत असतो.

एका झाडाला हजारो बिया, धुळीसारख्या बारीक. मातीत त्या दहा-पंधरा वर्षं जिवंत राहतात. म्हणून पहिलं काम, बोंडी धरायच्या आत उपटायचा. बी धरलेला असेल तर बांधावर फेकू नका, जनावरांपुढे टाकू नका, जाळून टाका. बियाणंही स्वच्छ रानातलंच धरा.

दुसरं काम फेरपालटाचं. हे बी आपणहून उगवत नाही, पिकाच्या मुळातून पाझरणारं द्रव्य लागलं की उगवतं. १९६६ साली शास्त्रज्ञांनी असं द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं, ते कापसाच्या मुळातून! त्याला स्ट्रायगॉल म्हणतात. कापसापाशी टारफुला उगवतो, पण कापसावर त्याला जगता येत नाही, उपाशी मरतो. म्हणजे कापूस घेतला की मातीतलं बी कमी होतं. एका वर्षात सगळं संपत नाही, फेर चालू ठेवावा लागतो. पण ज्वारीमागे बाजरी, मका किंवा ऊस घेतला, तर चोराला पुन्हा घर मिळतं. नीरेच्या कालव्यावरच्या ऊसवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत १९५६ साली हे फूल मक्यात सापडलं, तेव्हा तिथं सरकारनं पैसा घालून मोहीम चालवली. आपल्याकडे हा भार खुरपणाऱ्या मायबहिणींच्या कंबरेवर. ही मजुरी ज्वारीच्या उत्पादन खर्चात धरलीच पाहिजे, ही मागणी आपण सोडणार नाही. पण बी काही सरकारच्या निर्णयासाठी थांबत नाही. एकानं उपटून आणि शेजाऱ्यानं ठेवून भागणार नाही. बी वाऱ्यानं, वाहत्या पाण्यानं बांध ओलांडतं. तेव्हा बांधाला बांध लागलेल्यांनी दिवस ठरवा आणि मिळून उपटा.