मर एक, बुरशी अनेक

(कोल्हापूर येथील बैठकीत केलेले भाषण)



कोल्हापूर उसाचं, पण आज समोर बसलेली बहुतेक मंडळी कापूस-ज्वारीची, आभाळाकडं डोळे लावून शेती करणारी आहेत. म्हणून आम्ही हरभऱ्याच्या मर रोगाविषयी बोलणार आहोत. कोरडवाहूत हरभरा हाच रब्बीचा रोख पैसा. तो गेला की सावकाराचं दार.

हिरवंगार झाड माना टाकतं. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं मरतं.

विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं : मररोधक वाण पेरा. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. रोधक, पण कोणत्या बुरशीला?

१९८२ साली इक्रिसॅटच्या हवारे आणि नेने या शास्त्रज्ञांनी दहा वाणांवर ठिकठिकाणची बुरशी तपासली. त्या दहांत आपला जुना चाफा होता, कर्नाटकातला अण्णेगिरी होता. बुरशीच्या चार जाती निघाल्या. हैदराबादची एक, कानपूरची दुसरी, गुरदासपूरची तिसरी, हिसारची चौथी. एकीपुढं उभा राहणारा वाण दुसरीपुढं आडवा होतो. पुढं स्पेन-अमेरिकेतल्या धरून आठ जाती झाल्या. नुसत्या डोळ्यांना त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. २००१ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं त्यांतल्या भारतातल्या चार जातींमधला फरक डीएनएवरून दाखवला.

वाणाचा रोधकपणा म्हणजे दाराची कडी. गावातल्या सगळ्या दारांना एकच कडी असेल, तर ती उघडायला शिकलेला एक चोर अख्खं गाव धुऊन नेतो. सारं शिवार एकाच वाणानं भरणं म्हणजे हेच. विजय, दिग्विजय, जॅकी हे मररोधक वाण आपल्या विद्यापीठांनी दिले. ते जरूर पेरा. पण अख्खं गाव एकाच वाणावर सोडू नका.

ही बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षं तग धरते. एक वर्ष पीक बदललं म्हणून ती संपत नाही. म्हणून मर लागलेला पट्टा खुणावून ठेवा. तिथलं बी पेरणीला ठेवू नका, बियाण्यातूनही रोग जातो. पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. तुरीचा मर वेगळ्या फ्युजेरियमचा. पण ज्वारीत तूर घेतली की तो कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. वाडवडिलांची ही पद्धत अडाणीपणाची नव्हती.

आता मागणी. प्रत्येक जिल्ह्यात मर लागलेल्या जमिनीचा एक तुकडा चाचणीसाठी राखा. तिथं दरवर्षी सगळे वाण पेरा आणि निकाल गावाच्या चावडीवर लावा. वाण फसला तर सल्ला देणाऱ्याचा पगार थांबत नाही. शेतकऱ्याचं बी जातं, खत जातं, वर्ष जातं. तोटा ज्याचा, त्याला माहिती मागण्याचा हक्क आहे.

पुढच्या पेरणीआधी बियाणं घेताना एवढंच विचारा : हा वाण आमच्या मातीत तपासला का? उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.