ओल्या बाळंतिणीचे चाळीस दिवस
(पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बाळंतपणावर बोलणे काहींना अवघड वाटेल. परंतु ज्या गोष्टीविषयी घरात केवळ कुजबूज होते, तीच वेळेवर न कळल्यामुळे कित्येक तान्ही मुले आईविना राहिली आहेत. म्हणून संकोच बाजूस ठेवून हा विषय आपण समजून घेऊ.

आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला चाळीस दिवस जपण्याची रीत आहे. मुलगी माहेरी असते, तिला विश्रांती मिळते, अळीव-डिंकाचे सकस खाणे मिळते. ही रीत चांगलीच आहे. परंतु तिच्याबरोबर एक घातक समजूतही चालत आली आहे. या दिवसांत कितीही अंगावरून गेले तरी "वाईट रक्त निघून जाते आहे, जाऊ द्या," असे वडीलधाऱ्या बायका सांगतात. प्रसूतीनंतर चोवीस तास उलटल्यापासून सहा आठवड्यांपर्यंत, काही तज्ज्ञांच्या मते बारा आठवड्यांपर्यंत, जो अतिरक्तस्राव होतो त्याला डॉक्टर उशिराचा रक्तस्राव म्हणतात. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. म्हणजे आपले जपणुकीचे दिवस आणि हे धोक्याचे दिवस जवळजवळ एकच आहेत!

मग साधे कोणते आणि धोक्याचे कोणते? आरंभीचे काही दिवस स्राव लाल असतो, पुढे तपकिरी, नंतर फिकट होत जातो. एकदा फिकट झालेला स्राव पुन्हा लालभडक होऊन भळभळू लागला, तासाभरात घडी भिजू लागली, मोठ्या गाठी पडू लागल्या, ताप किंवा दुर्गंधी आली, चक्कर येऊन अंगाला थंड घाम सुटला, तर सकाळची वाट पाहू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या बाईजवळ शिल्लकच थोडी, तिला थोडाही खर्च झेपत नाही.

याची कारणे अनेक आहेत. वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, गर्भपिशवीत जंतुसंसर्ग होतो, किंवा पिशवी नीट आकसत नाही. सिझेरियननंतर क्वचित गर्भाशयाच्या धमनीच्या भिंतीला इजा होऊन तिथे रक्ताचा फुगा तयार होतो आणि काही दिवसांनी तो फुटतो. म्हणून आधी सोनोग्राफी करून, शक्य तर रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी करून, कारण शोधावे लागते. फुगा असताना पिशवी खरवडली तर रक्तस्राव उलट वाढू शकतो. बहुतेकींना औषधांनी, प्रतिजैविकांनी किंवा वारेचा तुकडा काढल्याने गुण येतो. ज्यांना येत नाही, त्यांचा जीव वाचवण्यासाठी पूर्वी पोट उघडून धमनी बांधणे किंवा पिशवीच काढणे, हेच उपाय हाती असत. वीस-बावीस वर्षांच्या मुलीची पिशवी काढणे म्हणजे काय, हे पालकांना सांगावयास नको.

आज याहून सौम्य मार्ग आहे. जांघेतील धमनीत, त्या जागेपुरती भूल देऊन, सुई घालतात, तिच्यातून तार आत सरकवतात व सुई काढून तारेवरून बारीक नळी आत नेतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडून गळती शोधतात आणि जिलेटिनच्या स्पंजाचे कण, धातूची बारीक वेटोळी किंवा विशिष्ट डिंक सोडून तो प्रवाह बंद करतात. पाटाला भगदाड पडले तर शेत खणत नाहीत, पाटाचे तोंड बुजवतात. तसेच हे आहे. जिलेटिनचे कण काही आठवड्यांत विरघळतात. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून पिशवीला रक्त मिळत राहते. बहुतेकींची पाळी पूर्ववत होते, पुढे मूलही होऊ शकते. मात्र पुढचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे. नंतर वेदना व ताप येऊ शकतो आणि क्वचित इतर उपद्रवही होतात. तरीही पोट न उघडता पिशवी वाचते, ही लहान गोष्ट नव्हे.

वाहती रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याची रीत कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल्-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. सुईतून तार घालून तिच्यावरून नळी धमनीत नेण्याची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली, आणि १९७९ साली बाळंतिणीचा न थांबणारा रक्तस्राव अशा नळीवाटे थांबवल्याचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात आला. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांना महागडा विलायती फुगा परवडत नव्हता. त्यांनी साधा निरोध रबरी नळीला बांधला, पिशवीत ठेवून सलाईनने फुगवला आणि रक्त थांबवले. २००३ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. बाळंत होताच सुरू होणाऱ्या रक्तस्रावात ती गरीब देशांत उपयोगी पडली. मुलींना शिकवून काय मिळते, असे विचारणाऱ्यांनी या बाईंचे नाव लक्षात ठेवावे.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. धमनी बंद करण्यासाठी खास यंत्र आणि खास शिकलेला डॉक्टर लागतो. ही सोय प्रत्येक तालुक्यात असू शकत नाही. कोल्हापूर आंब्याच्या घाटापलीकडे सुमारे १३० किलोमीटर, मुंबई त्याहून कितीतरी दूर. समजा, मिरकरवाड्यातील एका मुलीला बाराव्या दिवशी रात्री भळभळून जाऊ लागले. नवरा आखातात, त्याचा फोन लागत नाही, आणि घरचे म्हणतात, त्याला विचारल्याशिवाय कसे न्यावे? अशा रात्री अंतरापेक्षा हा प्रश्नच अधिक जीव घेतो. सज्ञान स्त्रीच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. ती बेशुद्ध असेल तर जीव वाचवण्यासाठी डॉक्टर उपचार करू शकतात. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा, आधी जवळच्या रुग्णालयात नेऊन रक्त व सलाईन सुरू करा आणि पुढे कोठे पाठवायचे ते तेथेच विचारा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीला औषधे, रक्त व वाहन मोफत आहे. हा तिचा हक्क आहे.

पालकांना विनंती की, बाळंतपणाआधीच घरात तिघांचा रक्तगट माहीत करून ठेवा आणि गाडीची सोय ठरवून ठेवा. विद्यार्थी मित्रहो, १८ वर्षे पूर्ण होताच रक्तदान करा. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्यापैकी कुणी तेथे शिकून, पुढे क्ष-किरणशास्त्राचा अभ्यास करून, ही बारीक नळी हाती धरील, तर एखाद्या रात्री आपल्या बहिणीला घाट ओलांडावा लागणार नाही.